बाळंतपणाचा कागद

"तुला कसं बाळंत व्हायचंय?" असं वर्षाराणीनं पहिल्यांदा एका बाईला विचारलं, तेव्हा ती बाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की मांडीवरचं ज्वारीचं सूप कलंडलं.

"आक्का, बाळंत व्हायचं काय कसं असतंय? पोट दुखतंय, मग लेकरू होतंय."

पुढच्या सात-आठ घरी हेच झालं. कुणी हसलं, कुणी लाजून आत निघून गेलं. एका म्हातारीनं तर दारातच अडवलं. "हे सरकारनं इचारायला लावलंय का?"

"न्हाई मावशी, मीच इचारते."

"कावून?"

या 'कावून'चं उत्तर वर्षाराणीकडं होतं, पण ते उंबऱ्यात उभ्या उभ्या सांगण्याजोगं नव्हतं.

नांदूरघाटापासून आत, डोंगराला टेकून बसलेली दीडशे उंबऱ्यांची वाडी. दिवाळी झाली की निम्म्या घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर जातात, ती गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येतात. वर्षाराणी या वाडीची आशाताई. सगळी वाडी तिला आक्का म्हणते. वय छत्तीस, अंगानं शिडशिडीत, चालणं असं की बरोबरच्या माणसाला पळावं लागावं. कुणाला कितवा महिना, कुणाच्या अंगात रक्त कमी, कुणाच्या लेकराचा डोस राहिलाय, हे तिला वही न उघडता सांगता येतं. पण हे सगळं झालं तिच्या कामाचं. त्या प्रश्नाची गोष्ट त्याच्या आधीची आहे.

पहिल्या खेपेला ती एकोणीस वर्षांची होती. त्या दवाखान्याचं नाव ती आजही घेत नाही. म्हणते, नाव घेतलं की लोक दवाखान्यालाच धरून बसतात आणि माझं म्हणणं बाजूला राहतं. तिथं तिला कुणी मारलं नाही की हाकललं नाही. लोखंडी टेबलावर उताणं निजवलं, आईला दाराबाहेर थांबवलं. मग कुणीतरी यायचं, न बोलता तपासायचं, निघून जायचं. तिनं पाणी मागितलं तर "आता काय पाणी मागतीस" म्हणाले. शेवटी कात्री लागली ती लागल्यावरच तिला कळली. टाके घालता घालता दोघीजणी तिच्या अंगावरून एकमेकींशी कुठल्या तरी लग्नाच्या आहेराचं बोलत होत्या. लेकरू रडलं, ते तसंच उचलून बाहेर नेलं. पोरगा झाल्याचं तिला दारापलीकडून सासूचा आवाज आला तेव्हा समजलं.

"पोरगा झाला, धडधाकट झाला, आता काय रडतीस?" असं जो तो विचारायचा. तिला सांगता यायचं नाही. तक्रार करावी असं बोट ठेवायला काही नव्हतं. पण सहा महिने ती त्या लेकराला मांडीवर घेतलं की कुठंतरी लांब बघत बसायची.

दुसऱ्या खेपेला ती माहेरी होती. पूर आला, फरशीपूल पाण्याखाली गेला, गाडी यायला वाटच उरली नाही. मग गावची दाई छबुबाई आली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, पोटावरून हात फिरवला आणि विचारलं, "पोरी, बसून बरं वाटतंय का गुडघ्यावर?" वर्षाराणी बघतच राहिली. बाळंतपणात आपल्याला काही विचारतात हेच तिला ठाऊक नव्हतं. "गुडघ्यावर," ती म्हणाली. मग छबुबाईनं तिच्या पुढ्यात उशांची चळत रचली. दर वेळी हात लावायच्या आधी "हात लावते बरं का" म्हणाली. पोरगी पहिल्यापेक्षा वजनदार होती, कळाही जबर होत्या. तरी त्या दुपारची आठवण निघाली की वर्षाराणीला आजही हसू येतं.

"मग दवाखान्यात कशाला जायचं?" असं तिला एकदा एकीनं विचारलं. त्यावर ती छबुबाईचंच बोलणं सांगते. वर्षाराणी आशाताई झाली त्या वर्षी मुद्दाम जाऊन छबुबाईच्या पाया पडली होती. तेव्हा म्हातारी म्हणाली, "माझी थोरली सून माझ्याच हातात गेली. रगत थांबेना. माझ्या बटव्यात सगळं हाय, रगत थांबवायची सुई न्हाई. तू बायांना दवाखान्यातच ने. पर नुसतं नेऊन टाकू नको. संगं ऱ्हा."

तर हे असं होतं. दवाखान्याची सुई आणि छबुबाईचा प्रश्न, दोन्ही एकाच खोलीत का असू नयेत, हे वर्षाराणीच्या डोक्यात बसलं ते उठलं नाही.

आशांना एक छापील कागद भरायचा असतो. गाडी कोणती, दवाखाना कोणता, सोबत कोण, रक्त लागलं तर कोण देणार. चार ओळी. तो ती इमानेइतबारे भरायचीच. तीन वर्षांपूर्वी तिनं एक दिवस तो कागद उलटा केला. मागं कोरी बाजू होती. त्यावर तिनं लिहिलं, 'बाईचं म्हणणं', आणि खाली बाईनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत उतरवलं. पहिल्या कागदावर एकच ओळ होती. 'मला तहान लागल्यावर पाणी द्यावं.'

आरोग्य केंद्रातल्या बबिता सिस्टरनं तो कागद वाचला आणि भुवया वर केल्या. "वर्षाराणी, हे हॉटेल हाय का? ऑर्डर घेऊन आलीस?"

"सिस्टर, पाणीच मागितलंय. बिर्याणी न्हाई."

सिस्टर हसली नाही. तिचंही चुकत नव्हतं. एका पाळीला ती एकटी, टेबलं दोन, बाया कधी कधी तीन. त्यात हिचे कागद. तिनं तो कागद ट्रेखाली सरकवला आणि कामाला लागली. पण तासाभरानं वर्षाराणीनं दारातून पाहिलं, तर सिस्टर एका हातानं बीपीचा पट्टा सोडत होती आणि दुसऱ्या हातानं त्या बाईच्या तोंडाला पाण्याचा पेला लावत होती. वर्षाराणी दारातूनच माघारी वळली. बोलून बिघडवायचं नसतं, एवढी अक्कल आठ वर्षांच्या नोकरीनं दिली होती.

असे करता करता तीस-बत्तीस कागद झाले. बाया हसायच्या थांबल्या. आता त्या वाटेत गाठून सांगू लागल्या, "आक्का, माझ्या कागदावर अजून एक लिहा." कुणाला आई जवळ हवी, कुणाला सासू नको. एकीला हातात कुलदैवताचा अंगारा हवा होता. एकीनं सांगितलं, मला ओरडू द्या, मी घरी कधीच ओरडत नसते.

सुनिताचा कागद मात्र बरेच दिवस कोरा राहिला.

सुनिता ही शहादेवची बायको. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, पाच वर्षं एकाच टोळीत. पहिली पोरगी तिला कारखान्याच्या वाटेवर बैलगाडीत झाली होती, उसाच्या मोळ्यांवर. या खेपेला पाडव्याला टोळी परतली तेव्हा तिला आठवा लागला होता. हिमोग्लोबिन आठावर. वर्षाराणीनं तिला आरोग्य केंद्रात नेऊन लोहाच्या सलाईन लावून आणल्या, खजूर-गूळ-शेंगदाणे मागं लागून खायला घातले. सुनिता सांगितलेलं सगळं करायची. सातवी शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. पण तोंडातून शब्द काढायची नाही.

"काय पाहिजे तुला बाळंतपणात?"

"मला काय कळतंय आक्का. तुमी म्हणाल ते."

घरात सासू होती, भिवराबाई. काळी, उंच, करड्या आवाजाची. ती चुलीपुढूनच म्हणायची, "तिला काय इचारती? आमाला इचारलं व्हतं का कुणी? पाच काढली म्या." वर्षाराणी हसून चहा प्यायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची.

चौथ्या खेपेला ती गेली तेव्हा भिवराबाई म्हशी घेऊन रानात गेली होती. सुनिता ओट्यावर गोधडीला टाके घालत होती. वर्षाराणी शेजारी टेकली, सुई-दोरा घेऊन दुसऱ्या टोकानं तीही टाके घालू लागली. गोधडीची एक ओळ भरत आली तेव्हा सुनिताच म्हणाली, "आक्का, त्या टायमाला मला लेकरू दिसलंच न्हाई."

"कुठल्या?"

"गाडीत. मला भवळ आली. शुद्धीवर आले तर पाचटाच्या कोपीत व्हते, दिवस बुडत आलता. पोरगी कुणी काढली, नाळ कुणी तोडली, कशानं तोडली, काय ठावं न्हाई. बाया म्हणत्यात इळ्यानं तोडली. माझंच लेकरू, अन् मलाच सांगोवांगी." सुई थांबली. "अन् जी ती बाई यायची, पोरीचं तोंड बघायची, अन् म्हणायची, असू दे. असू दे म्हंजी काय आक्का? कुणाचं काय हरवलंय का?"

वर्षाराणीनं गोधडी बाजूला सारून पिशवीतून कागद काढला. त्या दुपारी सुनितानं तो स्वतःच्या हातानं लिहिला. पाच ओळी. मला उताणं निजवू नये. जे करायचं ते आधी सांगावं. आक्कानं जवळ थांबावं. लेकरू आधी मला दाखवावं. पोरगी झाली तर कुणीही 'असू दे' म्हणू नये. जरा विचार करून तिनं खाली सहावी ओळ लिहिली, 'सिझर नको', आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"ही शेवटची ओळ आपल्या हातात न्हाई हं," वर्षाराणी म्हणाली. "मी लिहून घेते, पण खोटं आश्वासन देणार न्हाई."

"ऱ्हाऊ द्या तरी," सुनिता म्हणाली.

वर्षाराणीनं तो कागद संध्याकाळी भिवराबाईला वाचून दाखवला. मुद्दाम. पाचव्या ओळीला भिवराबाईनं चुलीत फुंकणीनं इतक्या जोरात फुंकर मारली की राख उडाली.

मे महिन्यात एका सोमवारी सकाळी आठाला शहादेव धावत आला. "आक्का, पाणी गेलंय." वर्षाराणीनं १०८ ला फोन लावला, भाकरी तव्यावर तशीच सोडून चपला घातल्या. नऊच्या आत ते आरोग्य केंद्रात होते. पाळी बबिता सिस्टरची होती. सिस्टरनं हात पुढं केला, "दे, कागद दे." तीन वर्षांत ती स्वतः मागायला लागली होती. वाचला, पाचव्या ओळीवर थोडी रेंगाळली, मग सुनिताला म्हणाली, "तपासणार हाय मी आता. दोन बोटं आत जातील, दुखंल थोडं. तयार झालीस की सांग."

सुनितानं वर्षाराणीकडं पाहिलं. मग मान हलवली.

दोनेक तास चांगलं चाललं. सुनिता टेबलाच्या कडेला धरून उभी राहिली, मग गुडघ्यांवर बसली, मग वर्षाराणीच्या गळ्यात हात टाकून झुलत राहिली. कळ आली की तिच्या खांद्यात नखं रुतवायची. वर्षाराणी पाठीच्या मणक्याखाली मुठीनं दाबून धरायची, जसं छबुबाईनं तिला धरलं होतं. "इथं का?" "अजून खाली." सुनिता सांगत होती, खाली, जरा उजवीकडं, आता सोडा. जन्मात एवढं बोलली नसेल. सिस्टर म्हणाली, "पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडलंय. झकास."

अकराच्या सुमाराला सिस्टरनं ठोके ऐकायला यंत्र लावलं आणि ते बराच वेळ काढलं नाही. पुन्हा जागा बदलून लावलं. खाली पाहिलं. पाण्याचा रंग हिरवट झाला होता. सिस्टरनं सुनिताला डाव्या कुशीवर वळवलं, तोंडाला ऑक्सिजन लावला, सुई टोचून सलाईन सुरू केली आणि बाहेर जाऊन डॉक्टरांशी बोलून आली. वर्षाराणीला तिनं दारात गाठलं. "लेकरानं आत शी केलीय. कळ आली की ठोके पडतायत. अंबाजोगाई. सिझर होईल बहुतेक. तिला तूच सांग, तुझं ऐकंल."

वर्षाराणीला कागद आठवला. सहावी ओळ, खाली दोन रेघा. तिला वाटलं, आता गाडीत बसेपर्यंत काही बोलू नये, तिथं गेल्यावर बघू. कुणीही तेच केलं असतं, आणि चांगल्या मनानं केलं असतं. पण दुसरी ओळही होतीच. जे करायचं ते आधी सांगावं.

"सिस्टर, तुमी पण चला. दोघी सांगू."

दोघी तिच्या उशाशी गेल्या. सिस्टरनं सरळ सांगितलं, लेकराला आत त्रास होतोय, इथं थांबणं धोक्याचं आहे, अंबाजोगाईला मोठे डॉक्टर आहेत, गाडी दारात उभी आहे. सिझर करावं लागेल असं वाटतंय. सुनिता मास्क बाजूला करून म्हणाली, "मी तर लिवलं व्हतं, नको म्हणून."

"लिहिलं होतंस," वर्षाराणी म्हणाली. "मी वाचलंय. ती एक ओळ आज मोडंल. बाकीच्या पाच मोडू देणार न्हाई, जमंल तितकं."

"लेकरू वाचंल का?"

"लौकर निघालो तर वाचायलाच पाहिजे," सिस्टर म्हणाली.

सुनितानं मास्क पुन्हा तोंडाला लावला. "मग चला की. कावून थांबलाव?"

गाडीत डॉक्टर होता, वर्षाराणी होती, पायाशी भिवराबाई गाठोडं होऊन बसली होती. शहादेव मोटारसायकलवर मागं. वाटेतलं केज मागं टाकलं तेव्हा कळा जरा लांबल्या. सुनिता म्हणाली, "आक्का, कागद हाय का?" वर्षाराणीनं काढला. "त्या सहाव्या ओळीवर काट मारा. अन् लिवा, मला भूल देऊन निजवू नका. मला जागं ऱ्हायचंय." हिसके बसत होते, अक्षर वेडंवाकडं आलं. गाडीतला डॉक्टर बघत होता. तो म्हणाला, "बहुतेक पाठीतच इंजेक्शन देतात. कमरेखाली बधिर होतं, माणूस जागा राहतो. पण तिथल्या डॉक्टरांना विचारा." सुनितानं डोळे मिटले. तिच्या कपाळावरची आठी पहिल्यांदा सुटली.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात दारातूनच स्ट्रेचर आत गेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं, रात्रपाळी संपून दिवसपाळी चालू असावी. त्यांनी तपासलं आणि नवऱ्याची सही मागितली. शहादेव अजून पोचला नव्हता.

"मॅडम, सही मला येती," सुनिता म्हणाली. "पर काय लिवलंय ते आदी सांगा."

डॉक्टर बाई थांबल्या. मग दोन मिनिटांत, नीट शब्दांत, सगळं सांगितलं. पाठीत इंजेक्शन, बिकिनीची शिवण असते तिथं आडवा छेद, पंधरा-वीस मिनिटांत बाळ. "बिकिनी काय असतंय?" सुनितानं विचारलं. डॉक्टर बाईंना हसू आवरलं नाही. "निऱ्या खोवतो त्याच्या खाली." सुनितानं सही केली. मोत्यासारखं अक्षर. वर्षाराणीनं तो चुरगळलेला कागद पुढं केला. "मॅडम, मला आत सोडणार न्हाईत, ठाऊक हाय मला. हे तेवढं आतल्या सिस्टरला वाचून दाखवा. लई न्हाई."

बाईंनी वाचला. खिशात घातला. दार बंद झालं.

बाहेर बाकावर भिवराबाई आणि वर्षाराणी बसल्या. शहादेव आला, घामानं निथळत. वर्षाराणीनं या बाकांवर पुष्कळ वाट पाहिली होती, पण त्या दिवशी तिच्या मनात एकच घोळत होतं. शब्द दिलाय आणि दार मधे आहे. आत ती नव्हती, तिचा एक कागद होता, तोही दुसऱ्याच्या खिशात.

वीस-बावीस मिनिटांनी नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. "मुलगी आहे. सुरुवातीला रडली नाही, मग मस्त रडली. आईनं बघितलंय, गालाला लावलंय, मगच आणलीय. तुमच्या सुनेनं बजावलंच होतं, आधी मला, आधी मला."

शहादेवनं दोन्ही हात पुढं केले. नर्सनं त्याला बाजूला सारून बाळ आजीकडं दिलं. भिवराबाईनं नातीचं तोंड पाहिलं. तोंड उघडलं. 'असू दे' आता येणार, असं वर्षाराणीला वाटलं. पन्नास वर्षांची जिभेची सवय होती ती. भिवराबाईचं तोंड तसंच उघडं राहिलं, मग मिटलं, मग तिनं खाकरून नर्सला विचारलं, "वजन किती हाय?"

"दोन किलो सातशे."

"बरं हाय की," भिवराबाई म्हणाली. "थोरली दोनच किलोची व्हती."

आशांना बाळंतिणीच्या घरी सहा वेळा जावं लागतं. तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत. बाळाचं वजन, ताप, टाके, दूध, सगळं लिहायचं असतं. आई समाधानी आहे का, असा रकाना त्या फॉर्मात नाही. वर्षाराणी तोही विचारते, शेवटच्या भेटीत, एकटीला गाठून. लवकर विचारलं तर बाया "चांगलं झालं" म्हणून मोकळ्या होतात. लेकरू धड असल्यावर दुसरं काही म्हणायची चोरीच असते.

बेचाळीसाव्या दिवशी सुनिता पोरीला पाजत बसली होती. टाके भरून आले होते. वर्षाराणीनं विचारलं, "खरं सांग. कसं झालं?"

सुनितानं पोरीच्या जावळावरून हात फिरवला. "मनासारखं न्हाई झालं," ती म्हणाली. "पोटाला शिवण पडली. जड उचलता येत न्हाई, मोळी कवा उचलीन देव जाणे. गुडघ्यावर बसून व्हायचं मनात व्हतं, तेवढं ऱ्हायलंच. पर आक्का, माझ्यासमोर झालं. आतल्या बाई दर घडीला सांगायच्या, आता हे करतोय, आता ओढल्यासारखं वाटंल. पोरगी निघाली अन् गप. समदे गप. मला वाटलं, गेली. मी इचारलं, कावून रडत न्हाई? मला कुणी 'गप ऱ्हा' म्हणलं न्हाई. मॅडम म्हणल्या, घशातलं काढतायत, थांब जरा. अन् ती रडली. ते थांबणं बी मीच थांबले. दुसऱ्यानं सांगितलेलं न्हाई."

वर्षाराणीनं वहीच्या मागच्या पानावर हे जसंच्या तसं लिहून घेतलं. 'मनासारखं न्हाई. माझ्यासमोर.'

पुढच्या महिन्याच्या बैठकीत आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी तिला त्या कागदाबद्दल सांगायला उभं केलं. वीस-बावीस आशा होत्या, कोपऱ्यात बबिता सिस्टर. एकीनं विचारलं, "पण मोठ्या दवाखान्याला रेफर झाल्यावर कागदाचा काय उपयोग? सगळं उलटंच झालं ना?"

वर्षाराणीला अशा वेळी शब्द शोधावे लागत नाहीत. "बाळंतपण आपल्या मर्जीनं चालत न्हाई, हे बाईला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतंय. ती मर्जी मागतच न्हाई. तिला मधून वगळू नका, एवढंच ती मागती. कागद असला की वाट बदलली तरी ती कुठं हाय हे तिला कळतं. अन् आपल्यालाही कळतं, काय मोडलं अन् काय वाचवता येतंय."

"अन् वेळ लागत न्हाई," बबिता सिस्टर कोपऱ्यातून म्हणाली. "मला आधी वाटायचं लागंल. उलट बाई ऐकती, ताठ होत न्हाई. माझंच काम हलकं होतंय." एवढं बोलून ती पुन्हा रजिस्टरात शिरली. त्या बैठकीतून सहा जणी मागची बाजू कशी लिहायची ते विचारून गेल्या.

दिवाळीनंतर टोळी निघाली. सुनिता या साली गेली नाही. शहादेवनं धाकट्या भावाला जोडीला घेतलं. ती घरी राहिली, म्हशी, दोन पोरी आणि सासू. वाडी रिकामी झाली की वर्षाराणीच्या कामालाही जरा उसंत मिळते. अशाच एका दुपारी ती ओसरीत मूग निवडत होती, तर भिवराबाई दारात. तिच्या घरी ती कधी आली नव्हती.

"या मावशी. पोरगी बरी हाय ना?"

"पोरीला काय धाड भरलीय." भिवराबाई टेकली, मूठभर मूग पुढं ओढून निवडू लागली. चहा झाला. पिकाचं झालं, म्हशीच्या दुधाचं झालं. मग ती सुपाकडं बघतच म्हणाली, "म्या म्हणत असते ना, पाच काढली म्हणून."

"हो."

"सहा व्हती."

वर्षाराणीचे हात थांबले. वही पिशवीत होती, पिशवी खुंटीला. ती उठली नाही.

"चौथ्याचं सांगते," भिवराबाई म्हणाली. "ते कुणाला म्हाईत न्हाई. आमचं माणूस बी गेलं आता. ज्वारीच्या खळ्यावर कळा लागल्या..."

ती सांगत गेली. कुठल्या झाडाखाली, कोण होतं, कोण नव्हतं, लेकराचे केस केवढे होते, कुठं पुरलं. मग पाचव्याचं सांगितलं, मग मागं जाऊन पहिल्याचं. मधेच थांबून खडा वेचायची आणि पुन्हा तिथूनच धागा धरायची. वर्षाराणी "मग?" एवढंच म्हणत होती. उन्हं ओसरीवरून उतरून अंगणात गेली.

शेवटी भिवराबाईनं सूप झाडलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. करडा आवाज जरा बसला होता. "चल. म्हशीला पाणी दावायचंय," ती म्हणाली, आणि लांब ढांगा टाकत वेशीकडं निघाली.